मोटर दुरुस्तीच्या दुकानात बिगिन: वर्षभराचा अनुभव

बेळगावात उद्यमबागजवळ आमचं मोटर-पंप रिवाइंडिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक खानापूरपासून चंदगडपर्यंतचं. वर्षभर झोहो कंपनीचं बिगिन वापरतोय आणि मनापासून सांगतो, छोट्या दुकानाला हे सीआरएम, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, पुरतं.

पण पहिल्याच दिवशी सगळी वही त्यात ओतू नका. मी ओतली. उचगावचे पाटील तीन-तीनदा चढले, कुणी ‘पाटील काका’ तर कुणी ‘उचगाव पाटील’. एका पाटलांची मोटर तयार झाल्याचा निरोप भलत्याच पाटलांना गेला आणि ते बिचारे सकाळी आठला दारात हजर! तेव्हापासून नवीन नाव घालण्याआधी फोन नंबरानं शोधतो.

खरा फायदा आपले रकाने तयार करण्यात आहे. मी चार केले: मोटरची ताकद (एचपी), फेज, विहीर की बोअर, आणि बोलायची भाषा. आमच्याकडे हा चौथा रकाना फार मोलाचा. बैलहोंगलच्या शेतकऱ्याला कन्नडमध्ये फोन गेला की तो मोकळेपणानं बोलतो. डीलर असेल तर राज्याचा टॅग जीएसटी नंबरवरून लावतो. सुरुवातीला 29 म्हणजे कर्नाटक, 27 म्हणजे महाराष्ट्र.

मोटर परत देतानाच पुढच्या फोनचं टास्क तारीख घालून टाकतो. जानेवारीत, उन्हाळ्याचं पाणी सुरू होण्याआधी, ‘बेअरिंगचा आवाज येतोय का?’ एवढंच विचारायचं. यंदा त्यातूनच बरीच कामं आली.

रिपोर्ट मी क्वचितच उघडतो. रेंज नसलेल्या शिवारातून आल्यावर नोंद मात्र त्याच संध्याकाळी करा.