एमआयटी ओपनकोर्सवेअर – इंजिनिअरिंगच्या पोरांनी इंग्लिश लिसनिंग-रीडिंगसाठी वापरावं असं

सरळ सांगतो, इंजिनिअरिंगच्या पोरांना इंग्लिश ऐकून आणि वाचून नीट कळायला हवं असेल तर माझ्या मते कुठल्याही स्पोकन इंग्लिशच्या ॲपपेक्षा एमआयटी ओपनकोर्सवेअर (अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाची लेक्चर आणि नोट्सची साइट) जास्त कामाचं आहे. आता कुणी म्हणेल की ही तर लेक्चरची साइट, इथे इंग्लिश कुठे शिकवतात? नाहीच शिकवत, आणि मला ती त्यासाठीच आवडते. ॲपवर हॉटेलात रूम कशी बुक करायची, एअरपोर्टवर काय विचारायचं हे सगळं पाठ होतं आणि मग सेमिनारला बसलं की निम्मं डोक्यावरून जातं, कारण तिथला माणूस तासभर सलग बोलतो, एक वाक्य अर्धं सोडून दुसरं धरतो, फळ्याकडे वळला की आवाज बारीक होतो. त्याची सवय खऱ्या लेक्चरमधूनच होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एमआयटीने हा प्रोजेक्ट २००१ मध्ये जाहीर केला आणि आज तिथे २५०० च्या वर कोर्सेसचं मटेरियल आहे. फुकट आहे, लॉगिनसुद्धा करावं लागत नाही आणि डाउनलोड करून ऑफलाइनही वापरता येतं. सगळ्या कोर्सला व्हिडिओ नाहीत हे आधीच सांगतो, बऱ्याच ठिकाणी नुसत्या नोट्स आणि असाइनमेंट्स असतात, त्यामुळे कोर्स निवडताना व्हिडिओ आहेत का हे आधी बघा. व्हिडिओ असले की बहुतेक वेळा सोबत ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे बोललेलं सगळं लिहिलेलं, पण मिळते आणि आपल्या कामाची मेन गोष्ट तीच.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर एमआयटीत गणित शिकवायचे त्या गिल्बर्ट स्ट्रँग यांचं लिनिअर अल्जेब्रा. १९९९ चं रेकॉर्डिंग आहे, खडू-फळा, पण ऐकायला शिकण्यासाठी इतका चांगला आवाज मी दुसरा सुचवू शकणार नाही. पहिल्याच लेक्चरमध्ये ते दोन साधी समीकरणं घेतात, २एक्स − वाय = ० आणि −एक्स + २वाय = ३. हे आपण शाळेतच सोडवलेलं असतं, उत्तर एक्स = १, वाय = २. मग ते आधी रो पिक्चर दाखवतात, म्हणजे दोन रेषा कुठे छेदतात ते, आणि नंतर तीच समीकरणं कॉलम पिक्चर म्हणून दाखवतात, म्हणजे पहिला कॉलम (एक्ससोबतचे आकडे) एकदा आणि दुसरा कॉलम (वायसोबतचे) दोनदा घेऊन बेरीज केली की उजवीकडचा व्हेक्टर मिळतो. आता यात गंमत अशी की गणित आधीच माहीत असल्यामुळे डोकं गणितात अडकत नाही, सगळं लक्ष भाषेकडे देता येतं, एखादा शब्द निसटला तरी फळ्यावर बघून तो काय असणार हे कळतं आणि पुढच्या वेळी तोच शब्द कानाला लगेच सापडतो. विषय पण नवा आणि भाषा पण नवी असली की दोन्ही हातातून जातात, म्हणून आपण पास झालेल्या विषयाचंच लेक्चर आधी लावा.

वापरायची पद्धत मात्र नीट पाहिजे. बहुतेक पोरं पहिल्या सेकंदापासून कॅप्शन लावून बसतात आणि मग ते लिसनिंग राहतच नाही, डोळे वाचतात आणि कान सुट्टीवर जातात. माझं म्हणणं, पाच-सात मिनिटांचा तुकडा घ्या, कॅप्शन बंद, पहिल्यांदा न थांबता ऐका आणि काय कळलं ते दोन ओळीत लिहा. मग परत ऐका, जिथे अडलं तिथे मागे जा (यूट्यूबवर डावा ॲरो दाबला की ५ सेकंद मागे, ‘J’ हे अक्षर दाबलं की १०). त्यानंतरच ट्रान्स्क्रिप्ट उघडा आणि अडलेली जागा शोधा. तेव्हा दिसतं की न कळलेले शब्द बहुतेक अवघड नसतातच, ऑफ, टू, हॅव, देम असले बारके शब्द असतात जे पटपट बोलताना पुढच्या-मागच्या शब्दात मिसळून जातात. डिक्शनरी पाठ करून हे सुटत नाही, ती जागा चार वेळा ऐकल्यावर सुटतं. स्पीड ०.७५ करायला हरकत नाही पण तो तुकडा शेवटी नॉर्मल स्पीडवर ऐकूनच पुढे जा.

रीडिंगसाठी तीच ट्रान्स्क्रिप्ट आधी वाचा, बोली भाषा असल्यामुळे सोपी जाते, आणि मग त्याच टॉपिकच्या लेक्चर नोट्स किंवा प्रॉब्लेम सेट. एकच गोष्ट आधी ऐकलेली असते त्यामुळे छापील इंग्लिश अंगावर येत नाही. प्रॉब्लेम सेट तर जरूर वाचा, उत्तर काढायचं नसलं तरी, कारण दोन ओळींच्या प्रश्नात चार अटी असतात आणि एक सुटली की सगळं उत्तर चुकतं. पुढे कामात हीच सवय लागते. डेटाशीटचंच (इलेक्ट्रॉनिक पार्टच्या माहितीपत्रकाचं) बघा ना, त्यात ॲब्सोल्यूट मॅक्सिमम रेटिंग्ज आणि रेकमेंडेड ऑपरेटिंग कंडिशन्स असे दोन वेगळे टेबल असतात, पहिल्यातला आकडा ओलांडला तर पार्ट खराब होऊ शकतो अशी ती हद्द असते, चालवायचा असतो तो दुसऱ्या टेबलप्रमाणे. घाईघाईत आकडा तेवढा उचलणारा आणि वरची ओळ न वाचणारा माणूस सर्किट जाळून बसतो.

कमी काय आहे? इथे विचारायला कोणी नाही, सर्टिफिकेट नाही, तुमचं ऐकणं बरोबर की चूक हे तपासणारं कोणी नाही, सगळी शिस्त स्वतःची. आणि ज्यांचं इंग्लिश अगदीच कच्चं आहे त्यांना तासाभराचं लेक्चर जड जाईल, त्यांनी आधी बीबीसीचं सिक्स मिनिट इंग्लिश घ्यावं, छोटे एपिसोड, दोघं गप्पा मारतात, सुरुवातीला एक प्रश्न टाकतात आणि उत्तर शेवटी देतात, त्यामुळे शेवटपर्यंत ऐकलं जातं. फक्त त्याची ट्रान्स्क्रिप्ट शब्दशः नसते असं तिथेच लिहिलेलं असतं, म्हणून प्रत्येक शब्द जुळवत बसू नका.

माझ्याकडून ५ पैकी ४. स्ट्रँग नीट कळायला लागले की इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी अनंत अगरवाल यांचं सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स, २००७ चं, आणि कॉम्प्युटरवाल्यांनी २०११ चं इंट्रोडक्शन टू अल्गोरिदम्स घ्यावं, तिथे एरिक डिमेन आणि श्रीनी देवदास असे दोन प्राध्यापक आहेत, दोघांची बोलायची ढब वेगळी, त्यामुळे कानाला एकाच आवाजाची सवय लागून राहत नाही.