गुडघ्याचा बिजागरीवाला पट्टा आणि फिजिओ: सात महिन्यांनंतर

वेल्क्रो गेलं म्हणून लिहायला बसले. गेलं तेही कुठे, तर नात्यातल्या तेराव्याला. मी खुर्चीतून उठले आणि मांडीपाशी खर्र्र्! पट्टा घसरून पोटरीवर, आणि अख्खी पंगत माझ्याकडे बघतेय.

दिवाळीत उकिडवी बसून रांगोळी काढली, उठताना 'कट्'. एमआरआयमध्ये आतल्या बाजूची गादी, म्हणजे मेनिस्कस, चिरलेली आणि कूर्चाही थोडी झिजलेली. पहिल्या सर्जननी दुर्बिणीतून गादी कापायला सांगितलं. दुसऱ्यांनी गुडघा वाकवून, पिळून पाहिला आणि विचारलं, "मध्येच अडकतो का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग घाई कशाला?" फिनलंडमध्ये झालेली, 2013 साली छापून आलेली चाचणी त्यांनी सांगितली: झिजून चिरलेल्या गादीचे 146 रुग्ण, वय 35 ते 65. काहींची गादी खरंच कापली, बाकीच्यांचं नुसतं ऑपरेशनचं सोंग केलं. वर्षाने दोघांची दुखणी सारखीच! माझं वय 49, पैसे वाचत होते, लगेच पटलं. (गुडघा अडकत असेल किंवा खेळताना ताजी इजा असेल तर हे लागू नाही, हेही त्यांनीच बजावलं.)

तर पट्टा. 1850 रुपये. दोन्ही बाजूंना धातूच्या बिजागऱ्या, वाटीसाठी भोक, आधार उत्तम. पण वेल्क्रो! तिसऱ्या महिन्यापासून त्याच्या आकड्यांत ओढणीचे धागे, केस, गोधडीचा कापूस, काय वाटेल ते अडकायला लागलं. रोज रात्री जुन्या टूथब्रशने आणि सेफ्टी पिनने ते उपसत बसायचे. दुकानदार म्हणाला, "वापरलेला माल परत नाही." अहो, न वापरता वेल्क्रो खराब होईल कसं?

फिजिओबद्दल पहिल्या महिन्यात मी एकच तारा दिला असता. मुलगी घरी यायची, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून म्हणायची, "काकू, दाबा, दहा मोजा." एका वेळचे 500 रुपये, आणि टॉवेल माझाच. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. बस, एवढंच. सहाव्या आठवड्यात डोंबिवली स्टेशनचा पूल उतरले आणि खाली आल्यावर लक्षात आलं, कठड्याला हात लावलाच नव्हता. चीर तशीच असणार. त्या गादीला फक्त बाहेरच्या कडेलाच नीट रक्त पोचतं. पण मांडीचा स्नायू भरला तसा गुडघ्यावरचा भार हलका झाला. बोललेले शब्द मागे घेते, टॉवेलसकट. मांडी घालून बसणं मात्र अजून जमत नाही.

तेराव्यानंतर स्टेशनबाहेरच्या मोच्याने 80 रुपयांत नवीन वेल्क्रो शिवून दिलं, मूळच्यापेक्षा रुंद आणि घट्ट. ते दाखवायला फिजिओला फोन केला, तर म्हणे, "काकू, आता पट्टा सोडायचाय."