लिनक्सवर वायफाय चालेना म्हणून ‘कस्टमर केअर’ला फोन केला आणि ७४,२९८ रुपये गेले

सगळ्यात आधी हे सांगते, मग पुढचं कुणी वाचलं नाही तरी चालेल. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिच्यात वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली वस्तू चालवणारा छोटा प्रोग्राम, विकत घ्यावा लागत नाही. त्याच्या लायसन्सचे पैसे नसतात, ॲक्टिव्हेशन नसतं, रजिस्ट्रेशनची पाच रुपये फी नसते. फोनवरचा माणूस यातलं काहीही बोलला तर तो चोर आहे. फोन तिथल्या तिथे ठेवा.

मी फिजिक्स शिकवते. तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावात माझे अकरावी-बारावीचे क्लास आहेत. हे मुद्दाम सांगतेय, कारण बँकेपासून दिरांपर्यंत प्रत्येकाने मला पहिला प्रश्न हाच विचारला, ‘शिकलेल्या असून तुम्ही?’ हो, शिकलेली असून. आणि लिनक्स वापरणारी असून. चोर आपली डिग्री बघत नाहीत, आपल्याला घाई आहे की नाही एवढंच बघतात. मला त्या दिवशी घाई होती.

झालं असं की पावसाळ्याच्या तोंडाला वीज कडाडली आणि कॉम्प्युटरचं नेटच्या वायरचं पोर्ट जळालं. बाकी मशीन ठणठणीत. त्यावर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, आहे, जुन्या मशीनवर तेच नीट चालतं. वायर गेली तर वायफाय करू म्हणून ऑनलाइन यूएसबी ॲडाप्टर मागवला, ७४९ रुपये. खोक्यावर पेंग्विनचं चित्र, म्हणजे लिनक्सची खूण, शेजारी ‘लिनक्स सपोर्टेड’. लावला. दिवा लुकलुकला. वायफायच्या यादीत मात्र एक नाव येईना, किंबहुना वायफायचा पर्यायच दिसेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरायची मुदत संपत होती. माझ्याकडची मुलं दरवर्षी माझ्यासमोर बसूनच ते भरतात, आईबापांचा तेवढा विश्वास आहे. बाहेर ओट्यावर दोन पालक येऊन बसलेले. हे नोकरीला सुरतला. विचारणार कुणाला?

मी मोबाइलवर त्या ॲडाप्टरच्या कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर’ असं शोधलं. सगळ्यात वर नंबर. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, असे खोटे नंबर कोण टाकतं आणि का टाकतं. मलाही माहीत होतं. पण ते बँकेचे, गॅसचे, कुरिअरचे असतात अशी माझी समजूत. साडेसातशे रुपयांच्या वायफायच्या तुकड्यासाठी कुणी जाळं लावून बसेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्यांचं जाळं वस्तूसाठी नसतंच. आपण अडलोय, एवढं त्यांना पुरतं.

पहिल्याच रिंगला फोन उचलला. खऱ्या कस्टमर केअरचा फोन कधी पहिल्या रिंगला उचलला जातो का? अर्धा तास संगीत ऐकवल्याशिवाय माणूस भेटत नाही. पण तेव्हा बरंच वाटलं. मी सगळं सांगितलं. ‘भाऊ, लिनक्स आहे, वायफाय दिसत नाही.’ तो म्हणाला, ‘मॅडम, सी ड्राइव्ह उघडा.’

या वाक्यापाशी मी रोज रात्री येऊन थांबते. सी ड्राइव्ह विंडोजमध्ये असतो, लिनक्समध्ये नसतो. मी त्याला म्हटलंसुद्धा, ‘लिनक्स आहे हो, सी ड्राइव्ह कुठला?’ तो क्षणभर गप्प झाला. मागे दुसऱ्या कुणाचा तरी आवाज आला, आणि मग हा म्हणाला, ‘हो हो मॅडम, लिनक्सलाही तेच, फक्त तुमच्या पीसीला नेट नाही ना, म्हणून ड्रायव्हर मोबाइलमधून ढकलावा लागेल.’ ती गप्प बसलेली घटका! लिनक्सचं नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकणारा माणूस मला लिनक्सचा ड्रायव्हर देणार होता, आणि ते मला त्या घटकेत दिसायला हवं होतं. पण पुढचं वाक्य खोटं वाटत नव्हतं, हेही लिहिते. मोबाइलमधून कॉम्प्युटरला नेट खरंच देता येतं. नेट नसलेल्या मशीनला ड्रायव्हर बाहेरूनच आणावा लागतो. अर्धं खरं होतं म्हणूनच पटलं.

त्याने व्हॉट्सॲपवर एक एपीके फाइल, म्हणजे फोनवर ॲप चढवणारी फाइल, पाठवली, नाव ‘ड्रायव्हर सपोर्ट’. फोनने इशारा दिला, अनोळखी स्रोत. तो म्हणाला, प्ले स्टोअरवर नाही म्हणून तसं येतं. मग ॲपने एसएमएसची परवानगी मागितली. वायफायच्या ड्रायव्हरला माझे मेसेज कशाला हवेत? हा प्रश्न आज जो वाचेल त्याला पडेल. ओट्यावरून ‘मॅडम, होईल ना आज?’ अशी हाक येत असताना पडत नाही. नंतर एक पान उघडलं, रजिस्ट्रेशन फी पाच रुपये. कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. भरले.

२४,९९९. पुन्हा २४,९९९. मग १९,५००. शेवटी ४,८००, म्हणजे खात्यात खरडायला काही उरलं नाही तिथपर्यंत. एकूण ७४,२९८ रुपये. ते पाच रुपये कधी कापलेच गेले नाहीत. ओटीपी मी कुणालाही सांगितला नाही, हे शंभर वेळा सांगून झालंय. ते ॲप परस्पर मेसेज वाचून पुढे पाठवत होतं आणि फोनवर काही वाजतही नव्हतं. क्लासच्या फीचे पैसे होते ते, दोन हप्त्यांचे. ही माणसं केळीच्या बागा विकून, कापसाचे पैसे येण्याची वाट बघून फी भरतात.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘गयात ते गयात, आते जेवी ले.’ त्या एकट्यांनीच मला बोल लावला नाही.

आता बँक. टोल फ्री नंबरवर आधी भाषा निवडा, मग कर्ज हवं आहे का, मग नवीन कार्ड हवं आहे का, आणि सगळ्यात शेवटी कार्ड बंद करायचा पर्याय. शेवटचे ४,८०० रुपये मी हे ऐकत असताना गेले. शाखेत साहेबांनी मान वर न करता सांगितलं, ‘ओटीपी गेलाय म्हणजे तुम्हीच दिलाय मॅडम, सिस्टिम खोटं बोलत नाही.’ लेखी तक्रार घ्यायला तयार नाहीत. पोच मागितली तर म्हणे शिक्का आत आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी छापून नेलं होतं. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. तिसऱ्याच कुणीतरी केलेल्या घुसखोरीत कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला तरी, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. त्यांनी कागद उलटा करून बघितला आणि मला परत दिला. वर ‘हे सगळं हेड ऑफिसला असतं.’ मग शाखा कशासाठी आहे? पासबुक छापायला?

पोलिसांत गेले. ठाण्यात म्हणाले, हे सायबरचं काम, जिल्ह्याला जा. एसटीने जिल्ह्याला गेले. तिथे म्हणाले, ताई, आधी सरकारच्या सायबर तक्रारीच्या पोर्टलवर भरा. पोर्टलवर भरायला नेट लागतं आणि माझ्या कॉम्प्युटरला नेट नाही, त्यामुळेच तर मी तुमच्या दारात उभी आहे! हे सांगितल्यावर एक जण हसला. तक्रार लिहून घेणाऱ्याने विचारलं, ‘लिनक्स म्हणजे कंपनीचं नाव का?’ आरोपीच्या रकान्यात लिहायला निघाला होता. ज्या खान्देशात, अमळनेरला, १९४५ साली विप्रो सुरू झाली, त्या खान्देशात सायबरच्या टेबलावर हा प्रश्न. मला राग अज्ञानाचा नाही. बसा, समजावून सांगा, असं कुणी म्हटलं असतं तर मी फळ्यावर शिकवते तसं शिकवलं असतं. राग त्याचा आहे की प्रत्येक टेबलावर मला माझी चूक काय हेच विचारलं, त्या माणसाचा नंबर काय होता हे कुणी आपणहून विचारलं नाही. व्यवहाराचे नंबर, पाठवलेल्या फाइलचं नाव, कॉलची वेळ, सगळं मी वहीत लिहून नेलं होतं. वही उघडायलाच कुणी तयार नाही.

तुमच्यावर वेळ आली तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, त्याच मिनिटाला. बँकेच्या आधी, नवऱ्याच्या आधी, रडण्याच्या आधी. पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंतच अडवता येतात. माझे ११,२०० रुपये तसे अडले, बाकीचे निघून गेले. अडलेलेही लगेच मिळत नाहीत, ते वेगळं. आणि फोनमधून ते ॲप काढल्याशिवाय नवीन पासवर्ड त्याच फोनवर टाकू नका, तोही त्यांच्याकडेच जाईल.

ॲडाप्टरचं काय झालं तेही ऐका, कारण तेच सगळ्यात जास्त झोंबतं. धुळ्याला इंजिनिअरिंगला असलेला भाचा रविवारी आला. त्याने आधी माझा मोबाइल चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला जोडला आणि यूएसबी टेदरिंग चालू केलं. नेट सुरू! ड्रायव्हर नाही, काही नाही. लिनक्सला हे मुळातच जमतं. म्हणजे त्या संध्याकाळी फॉर्म भरायला ॲडाप्टरची गरजच नव्हती. हे ज्यांना माहीत नाही त्यांनी आत्ता लिहून ठेवा.

मग त्याने टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘एलएसयूएसबी’ (lsusb) टाइप केलं, त्याने जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी दिसते. यादीत रिअलटेकची ओळ होती, आयडी ०बीडीए:१ए२बी. ‘मावशी, हा वायफाय नाहीये, हा स्वतःला सीडी समजतोय.’ या स्वस्त ॲडाप्टरमध्ये विंडोजचा ड्रायव्हर आतच भरलेला असतो. लावल्याबरोबर ते सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, विंडोज तो ड्रायव्हर चढवतं आणि मग ते वायफाय बनतात. लिनक्सवर ते बरेचदा सीडीच राहतात. फाइल मॅनेजरमध्ये ती सीडी मला दिसलीसुद्धा होती, मी म्हटलं असेल काही. त्याने तिच्यावर ‘इजेक्ट’ केलं. आयडी बदलला. हे काम आपोआप करणारं ‘यूएसबी-मोडस्विच’ नावाचं पॅकेज असतं, पण प्रत्येक ॲडाप्टर त्याला ओळखता येतो असं नाही.

तरी वायफाय दिसेना. आतली चिप निघाली रिअलटेकची ८८२१सीयू. यूएसबीवरच्या या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आला ६.२ या आवृत्तीपासून, आणि माझ्या मिंटमध्ये होता ५.१५. अपडेट मॅनेजरमधूनच नवा कर्नल घेतला, मशीन परत चालू केलं, इजेक्ट केलं, आणि यादीत शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी वायफाय हजर. खर्च शून्य रुपये.

खोक्यावरचा पेंग्विन काही सांगत नाही, चिप विचारा. एकाच मॉडेलच्या नावाखाली कंपन्या वेगवेगळ्या चिप घालतात, व्हर्जन एक आणि व्हर्जन दोन यांचं आतून काही नातं नसतं. खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरात लिनक्सच्या कुठल्या कर्नलपर्यंत चालतो ते असतं, माझ्या कागदावर ४ च्या घरातला आकडा होता. मीडियाटेकची एमटी७६१२यू ४.१९ पासून कर्नलमध्येच आहे, जुनी एमटी७६०१यू त्याच्याही आधीपासून. अथेरॉसची एआर९२७१ तर बिनघोर, वेग कमी पण लावली की चालते. विकणाऱ्याला चिप सांगता येत नसेल तर घेऊ नका. ॲडाप्टर बंद पडला तर टर्मिनलमध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ (rfkill list) टाइप करून बघा, कधी कधी वायफाय नुसतं ब्लॉक असतं. ‘डीमेसेज’ (dmesg) या आज्ञेने कर्नलचे संदेश दिसतात, त्यातल्या शेवटच्या दहा-पंधरा ओळी जशाच्या तशा उतरवून जाणत्याला दाखवा. बाहेरून ड्रायव्हर टाकला असेल आणि चढत नसेल तर सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना सही नसलेले प्रोग्राम अडवणारी सोय, चालू आहे का ते तपासा. यातल्या एकाही गोष्टीला तुमचं कार्ड लागत नाही.

बँकेकडून तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. पण त्यासाठी बँकेला दिलेल्या तक्रारीची पोच हवी, म्हणून शिक्का मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका. तोंडी सांगून घरी येऊ नका. मी शेवटी तक्रार रजिस्टर पोस्टाने पाठवली, त्याची पावती हीच माझी पोच. लोकपालाकडे अर्ज गेलाय. त्यात मी लिहिलंय की ओटीपी मी दिलेला नाही, दिला असेल तर बँकेने दाखवावं.

तो नंबर काल रात्रीपर्यंत सर्चमध्ये पहिलाच होता, फक्त कंपनीचं नाव बदललंय. आता तो प्रिंटरवाल्यांचा कस्टमर केअर झालाय. मी तो सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ या तक्रारीच्या सोयीवर कळवला आहे. तुम्हालाही असा नंबर दिसला तर तिथे कळवा, आणि खऱ्या कंपनीचा नंबर हवा असेल तर तो फक्त खोक्यावरून किंवा बिलावरून घ्या.