राजा परांजपेंच्या डीव्हीडी, घ्यायच्या का?

जळगावात एका दुकानात जुन्या जमान्यातले मराठी डायरेक्टर-नट राजा परांजपे, त्यांच्या पिक्चरच्या सुट्या डीव्हीडी मिळाल्या, आमच्या आप्पांसाठी घेतल्या आणि मीच बघत बसलो. 'लाखाची गोष्ट' १९५२ चा आहे भो, लाख रुपये खर्च करायची अट, आणि तो पैसा काही केल्या संपतच नाही, आजपण हसून हसून पोट दुखतं. पण खरा माणूस कळतो तो 'जगाच्या पाठीवर'मध्ये. १९६० चा पिक्चर, डायरेक्टर पण तेच नि हिरो पण तेच, वय पन्नास, तोंडावर मेकपची चमक वगैरे काही नाही, तरी आंधळ्या मुलीचं काम करणाऱ्या सीमा देवसोबतचे सीन बघताना आप्पा एकदम गप्प झाले. गदिमा-फडक्यांची गाणी तर विचारूच नका. 'पाठलाग' (१९६४) तर कोर्टातला सस्पेन्स, ह्याच्यावरूनच हिंदीत 'मेरा साया' आला, हे आपल्याकडे किती जणांना माहीत असेल काय माहीत.

आता तक्रार. प्रिंट फिकट, 'पाठलाग'चा आवाज मधूनच बसतो, कव्हरवर कलाकारांची नावंपण धड नाहीत. दुकानदाराने कुरकुर न करता डिस्क बदलून दिली, दुसरीचं पण तेच. कॉमेडीवाली बिनधास्त घ्या, 'पाठलाग' आधी दुकानात लावून बघा.