चार पंख्यांचा कूलिंग फॅन: एप्रिलला पास, जूनला नापास

माशांच्या काचेच्या टाकीच्या काठाला अडकवायचा १२ व्होल्टचा, चार पंख्यांचा कूलिंग फॅन. बाराशेच्या आसपास पडला. खोक्यावर कंपनीचं नाव धड नाही, पण 'पाणी ६ अंशांनी थंड' हे मात्र ठळक छापलंय. एप्रिलमध्ये ते बऱ्यापैकी खरं निघतं, जूनमध्ये जवळजवळ थाप.

आमच्या थोरलीनं हट्टानं अ‍ॅक्सोलॉटल आणला. नाव ढबू. मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोचा प्राणी, सॅलॅमँडरच्या, म्हणजे शेपटीवाल्या उभयचरांच्या जातीतला. आयुष्यभर कल्ले न टाकता पाण्यातच राहतो. त्याला पाणी लागतं १६ ते १८ अंशांचं. २० पर्यंत चालून जातं, २४ च्या वर गेलं की त्याचे हाल सुरू. आणि कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर मे महिन्याच्या दुपारी आमच्या टाकीतलं पाणी नुसतं ठेवलं तरी २९ दाखवायचं.

माझं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे, त्यामुळं वस्तू हातात आली की आधी बेअरिंग बघतो. ती ठीक आहेत. रात्री घरघर येते, पण पाहुण्यांच्या खोलीत टाकी असेल तरच त्रास. क्लिप मात्र अगदीच टाकाऊ. प्लॅस्टिकची, आणि जाड काच पकडतच नाही. मी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वाकवून दुसरी केली. तुम्ही तुमच्याकडच्या फॅब्रिकेशनवाल्याकडनं करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. पंखे पाण्यावर सरळ खाली न रोखता तिरके धरायचे, म्हणजे वारा पृष्ठभागावरनं सरकतो आणि ओली हवा बाहेर जाते.

माठातलं पाणी गार होतं तेच तत्त्व. एक लिटर पाणी उडालं की साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. दीडशे लिटरची टाकी चारेक अंशांनी उतरवायला तेवढं पुरे. पण खोलीतली उष्णता मागनं आत शिरतच असते, म्हणून पंखा दिवसभर पळतो आणि पाणी रोज कमी होतं. एप्रिलच्या कोरड्या हवेत आमची टाकी २८ वरनं २४ वर आली. जूनमध्ये हवाच ओली, पाणी उडणार कुठं? तेव्हा जेमतेम एक अंश. म्हणजे उन्हाळ्यातसुद्धा हा पंखा ढबूला सुखाच्या पाण्यापर्यंत नेत नाही, नुसता धोक्याच्या काठावर आणून सोडतो. पुढचं काम बर्फाच्या बाटल्या करतात. बाटली बंदच ठेवायची, एक विरघळली की दुसरी सोडायची. एकदम चार सोडून पाणी धाडकन उतरवलं तर त्याचाही त्याला ताणच.

थर्मामीटर बघाच, पण त्याच्याआधी जनावर बघा. ढबूच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन पिसासारखे कल्ले आहेत. निवांत असला की ते मागं, बाजूला सैल पसरलेले असतात आणि मधूनच एक झटका देतो. तो झटका नेहमीचा, घाबरू नका. पण कल्ल्यांची टोकं पुढं तोंडाकडं वळून तशीच राहिली की काहीतरी खटकतंय. बहुतेक वेळा पाण्याचा जोर. आमचं मागं लटकवायचं फिल्टर पाणी धबाधबा सोडायचं, तेव्हा हा कोपऱ्यात कल्ले पुढं करून बसायचा. स्पंज फिल्टर लावला आणि कल्ले मागं गेले. शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलं तर ते जास्त वाईट. गांडूळ तोंडात घेऊन थुंकणं, सारखं वर येऊन हवा गिळणं, काचेवर धडका देत पळणं, रंग फिका पडणं हेही तसलंच. अधनंमधनं एखादा घोट हवा घेतो, त्याचं काही नाही. कल्ल्यांवर कापसासारखं पांढरं दिसलं तर बुरशी. त्याला पंखा काय करणार?

यातलं काही दिसलं की मी आधी पाणी तपासायचं टेस्ट किट काढतो. अमोनिया आणि नायट्राइट, म्हणजे प्राण्याच्या घाणीतनं पाण्यात होणारी विषं, शून्यच पाहिजेत. गरम पाण्यात अमोनिया जास्त विषारी होतो, त्यामुळं मेमध्ये दोन्ही संकटं हातात हात घालून येतात. पंखा लावणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा: पाणी उडतं, नायट्रेट आणि क्षार खालीच राहतात. वरनं पाणी घालून पातळी भरली म्हणजे पाणी बदललं असं होत नाही. आठवड्याला पाव टाकी बदलायचीच, आणि नळाचं पाणी त्यातलं क्लोरीन घालवूनच टाकीत घालायचं.

झाकण काढून पंखा लावावा लागतो, आणि हा गडी उडी मारू शकतो. वर जाळी टाका. टाकीचा दिवा बंद ठेवला तरी चालतं, त्याला पापण्याच नाहीत. तळाला खडे नकोत, गिळतो.

या फॅनचं मला खरं आवडलं ते वेगळंच. १२ व्होल्टचा असल्यामुळं राऊटरच्या छोट्या यूपीएसवर चालतो. दुपारी लाईट गेली तरी पंखा फिरत राहतो. चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं मोठं यंत्र, असा चालत नाही.

पाचपैकी तीन. अर्धा क्लिपमुळं कापला, दीड जूनमुळं. ज्यांच्याकडं प्राणी आधीच आहे त्यांनी घ्या. अजून आणायचा असेल आणि बजेट फक्त पंख्याचं असेल, तर कोल्हापुरात अ‍ॅक्सोलॉटल आणू नका. आधी चिलरचे पैसे बाजूला काढा, तेही पंख्याच्या कैक पटीनं जास्त, आणि प्राणी सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत असल्यामुळं सरकारच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचंही विचारून घ्या. आम्ही चिलर घेतोय. लेक म्हणते, मग पंखा विकू या. मी म्हटलं, राहू दे, लाईट गेल्यावर लागेल.