ऑडिओ कोर्स ऐकला, अर्धाच पटला

'देवाने सगळ्यांना सारखं का नाही दिलं' यावरचा ऑडिओ कोर्स काल संपवला. बायबलमधल्या टॅलेंटच्या गोष्टीचा भाग एकदम भारी, म्हणजे टॅलेंट हे तेव्हा वजनाचं माप आणि मोठी रक्कम, मालक एका नोकराला 5 देतो, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, आणि पाचाचे दहा करणारा काय न दोनाचे चार करणारा काय, शाबासकी दोघांना अगदी त्याच शब्दांत, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं! एकवाला घाबरून जमिनीत पुरतो. गीतेतलं गुणकर्म, म्हणजे गुण आणि कर्मावरून चार वर्ण, हे मात्र गुंडाळलंय, वर्ण जन्माने की स्वभावाने हाच तर खरा वाद, तिथूनच वक्ते सटकले. वर गरिबीपण देवाची देणगी म्हणे, हे काय पटलं नाही बुवा. आवाज क्लिअर आहे. 3 स्टार.