९८.५ द स्पोर्ट्स हब : बॉस्टनचे भांडखोर रेडिओ केंद्र
२००९ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राचे निवेदक खेळाच्या विश्लेषणापेक्षा वाद पेटता ठेवण्यात अधिक निष्णात आहेत आणि पेट्रिअट्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या पराभवानंतरच्या सोमवारी तर फोन करणारे श्रोते त्यांच्याही पुढे जातात. बॉस्टनमध्ये अशी केंद्रे श्रोतृसंख्येत आघाडीवर राहतात, कारण तेथील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्याच संघांशी बांधलेली आहेत. लॉस एंजेलिसमध्ये मात्र बाहेरून आलेल्यांच्या निष्ठा विखुरलेल्या असून स्पॅनिश केंद्रांकडेही मोठा श्रोतृवर्ग आहे, त्यामुळे तेथे हा मसाला फिका पडतो. जाहिरातींचा भडिमार कंटाळवाणा आहे. अमेरिकन फुटबॉलला मिळणारे झुकते मापही (पेट्रिअट्सच्या चाहत्यांनी क्षमा करावी) मला खटकते, तरीही बॉस्टनचा स्वभाव समजून घेण्यासाठी हे केंद्र जरूर ऐकावे.